आपल्याला कशाला हवं सॉफ्टवेअर?

परभणी जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपनीच्या, अवजार बँकेच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत फवारणीच्या ड्रोनचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. अनुदान किती, टाकी किती लिटरची, बॅटऱ्यांचे जोड किती, बिघडला तर कंपनीचा माणूस इकडे येतो की ड्रोनच पुण्याला पाठवावा लागतो. प्रश्न सगळे रास्त. पण त्याच बैठकीत कुणी विचारून बघावं, की उद्या कोणता ड्रोन कोणत्या गावात कोणत्या पायलटबरोबर जाणार हे कशावर ठरवणार, झालेल्या उड्डाणाची नोंद कुठे राहणार, त्यासाठी एखादं सॉफ्टवेअर बघितलंय का? लगेच हशा. ‘आपल्याला कशाला हवं सॉफ्टवेअर? आपण काय एअर इंडिया आहोत का?’ मग चहा येतो आणि विषय संपतो.

हा हशा मला खटकतो. अडाणीपणातून आला असता तर समजून घेतलं असतं. तो येतो शिकलेल्या, हिशोबी, ट्रॅक्टरला तासाला किती डिझेल लागतं हे तोंडपाठ असलेल्या माणसांकडून. आणि तो ज्या शहराच्या आसपास ऐकू येतो, तिथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ उभं आहे. त्या विद्यापीठात ‘नाहेप’ या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून ड्रोन आणि रोबोटवर काम झालेलं आहे. तेव्हा ‘हे आपल्याकडचं नाही’ ही सबब इथे तरी चालायची नाही.

त्यांची बाजू आधी पुरी मांडतो, म्हणजे अर्धवट मांडून खोडली असं कुणी म्हणायला नको. ते म्हणतात: ड्रोन म्हणजे उडणारा फवारणी पंप. पंपाला, ट्रॅक्टरला, मळणीयंत्राला कुणी सॉफ्टवेअर घेतं का? शिवाय ड्रोनसोबत अ‍ॅप फुकट येतंच. नंबर लावायला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, हिशोबाला वही आहे. सरकारला जे हवं ते सरकारच्या पोर्टलवर भरतो. हे सगळं असताना दर महिन्याला कुणाला तरी पैसे कशासाठी द्यायचे? आणि शेवटी हुकमाचा एक्का: कोट्यवधींचं सॉफ्टवेअर असून इंडिगो २०२५ च्या डिसेंबरात आडवी झालीच ना?

पहिल्यापासून घेऊ.

उडणारा पंप. ड्रोनचे नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी आले ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडून. कृषी खात्याचा त्यावर शिक्का नाही. आपल्याकडे वापरात असलेले दहा लिटरच्या टाकीचे बहुतेक ड्रोन दोन ते पंचवीस किलोच्या ‘स्मॉल’ वर्गात मोडतात. त्यांना स्वतःचा नोंदणी क्रमांक लागतो, त्या बनावटीला प्रमाणपत्र लागतं, त्रयस्थ व्यक्तीचा विमा लागतो आणि उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. अपघात झाला तर ४८ तासांच्या आत विमान वाहतूक महासंचालनालयाला कळवावं लागतं. ट्रॅक्टर बांधावरून घसरला तर कधी कुणी दिल्लीला कळवलंय? नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आता प्रश्न एवढाच, की आज सकाळी सेलू तालुक्यात उडालेल्या आपल्या ड्रोनचा रिमोट प्रमाणपत्र असलेल्याच्याच हातात होता, हे किती संचालक छातीवर हात ठेवून सांगतील? प्रमाणपत्र एकाचं आणि रिमोट त्याच्या मावसभावाच्या हातात, असं आपल्या कंपनीत कधीच होत नाही? विम्याची मुदत कधी संपते, हे फाइल न उघडता कुणाला सांगता येईल?

परभणीत विमानतळ नाही म्हणून इथे विमानाचा धंदाही नाही, असा एक भोळा समज या हशामागे आहे. विमान बघायचं तर नांदेडला जायचं. ‘उडान’ योजनेतल्या अगदी पहिल्या उड्डाणांत, २७ एप्रिल २०१७ ला, नांदेड-हैदराबाद होतं, त्याचं कौतुक अजून निघतं. पण कायद्याच्या नजरेने बघितलं तर मानवतच्या सोयाबीनवर आणि सोनपेठच्या कपाशीवर रोज उडतं तेही विमानच. आपण विमानाच्या धंद्यात केव्हाच शिरलोय. तो धंदा पंपाच्या पद्धतीने चालवण्याचा हट्ट तेवढा सुटत नाही.

आता ते फुकटचं अ‍ॅप. त्याच्यावर माझा राग नाही, ते आपलं काम चोख करतं. शेताचे कोपरे, उंची, वेग, किती क्षेत्र झालं, किती लिटर गेलं, सगळं दाखवतं. पण ते अ‍ॅप ड्रोन उडवतं, व्यवसाय चालवत नाही. टाकीतून दहा लिटर गेले हे त्याला ठाऊक आहे. त्या दहा लिटरमध्ये काय कालवलं होतं, ते ठाऊक नाही. शेत कुणाचं, गट नंबर कोणता, पीक कोणतं, औषध कुणी आणलं, मिसळलं कुणी, पैसे आले की उधारीवर राहिले, यातलं काहीच त्याला कळत नाही.

आणि औषधाची नोंद ही किरकोळ बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१७ चं यवतमाळ आठवावं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या हंगामात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात होते. त्यानंतरच्या प्रत्येक चर्चेत पहिला प्रश्न हाच होता, की कोणतं औषध, कशात मिसळून, किती तास? माणूस औषधापासून लांब राहतो हे ड्रोनच्या बाजूचं मोठंच म्हणणं आहे, आणि ते खरं आहे. पण टाकी भरणारा मदतनीस लांब नसतो. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने ४७७ नोंदणीकृत कीटकनाशकांना ड्रोनने फवारण्याची अंतरिम मंजुरी दिली, ती दोन वर्षांसाठी होती. म्हणजे कोणतं औषध केव्हा चालतं हेही तारखेवर अवलंबून. त्या मदतनीस पोराने कोणत्या तारखेला कोणती बाटली उघडली, ते फुकटचं अ‍ॅप सांगणार आहे का?

त्यात दुसरा ड्रोन वेगळ्या बनावटीचा आला की दोन अ‍ॅप झाली. तिसरा आला की तीन. मग ‘या हंगामात एकूण किती एकर झालं?’ याचं उत्तर काढायला तीन मोबाइल आणि एक कॅल्क्युलेटर घेऊन बसायचं. शिवाय ही माहिती साठते कुठे? फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुट्या भागांवर नाही. आतला मेंदू कुठला, त्याचं अ‍ॅप कुठलं आणि आपल्या शेतांचे नकाशे कोणाच्या सर्व्हरवर जाऊन बसतात, हे विक्रेत्याला कधी कुणी विचारलंय? अनुदानाची टक्केवारी मात्र चार वेळा विचारली जाते.

व्हॉट्सअ‍ॅपकडे येऊ, कारण खरी श्रद्धा तिथे आहे. ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा डोळ्यांसमोर आणा. पाच दिवस झड लागलेली. रानात पाय ठेवता येत नाही. सोयाबीनवर पानं खाणारी अळी, चक्री भुंगा, खोडमाशी सगळे हजर. सहाव्या दिवशी उघडीप मिळते आणि एकाच सकाळी पंचक्रोशीतल्या सगळ्यांना ड्रोन हवा असतो. दोन ड्रोन, प्रमाणपत्रवाले तीन पायलट, चार्ज झालेल्या बॅटऱ्या मोजक्या, आणि ग्रुपवर मेसेजचा पाऊस. ‘माझा नंबर कधी?’ ‘काल माझं नाव होतं.’ ‘पाटलाचं शेत आधी कसं झालं?’ कुणी आवाजात बोलतं, कुणी रागाचा चेहरा टाकतं, मध्येच एक सुप्रभात. या गदारोळात कुणाचं शेत आधी घ्यायचं हे कशावर ठरतं? जो पायलटच्या ओळखीचा, जो संचालकाच्या नात्यातला, जो फोन करकरून डोकं उठवतो त्याच्यावर. दोन एकरवाली एखादी बाई, जिच्याकडे साधा फोन आहे, ती त्या ग्रुपवर नाहीच. कंपनी मात्र तिच्याही शेअरवर उभी आहे.

दुपारी एक वाजता पुन्हा आभाळ भरून येतं. आता उरलेला दिवस बदलायचा. पाथरीला गेलेला ड्रोन परत बोलवायचा की तिथलंच शेजारचं शेत घ्यायचं? पायलट सकाळी सहापासून उन्हात आहे, त्याला अजून दोन शेतं द्यायची का? हा निर्णय मोठ्या विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात रोज होतो तोच आहे, फक्त आकाराने लहान. उड्डाण नियोजनाचं सॉफ्टवेअर असतं ते याच क्षणासाठी. यंत्र, माणूस, बॅटरी, हवामान आणि गिऱ्हाईक यांची पाच मिनिटांत नव्याने जुळणी करून ती सगळ्यांना कळवणं. ग्रुपवर ते होतं का? होतं की, भांडणाच्या रूपात.

आणि वही. वहीबद्दल एक गोष्ट कबूल करतो: तिला रेंज लागत नाही. १९ जुलै २०२४ ला जगभरातले संगणक बंद पडले तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवरही हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कागद अडचणीला उपयोगी पडला. पण दुसऱ्या दिवशी एकाही विमान कंपनीने, आता कायम हातानेच लिहू, असं म्हटलं नाही. आपल्याकडची वही अडचणीपुरती नाही, तीच सगळी व्यवस्था आहे. ती एका माणसाच्या पिशवीत असते, एका माणसाच्या अक्षरात असते, आणि तो माणूस, म्हणजे आपला हुशार पायलट पोरगा, दिवाळीनंतर चाकणला नोकरीला लागला की त्याच्याबरोबर जाते. ग्रुपचा अ‍ॅडमिनही तोच. कोणत्या शेतात विजेची तार आडवी येते, कोणत्या बॅटरीचा भरवसा नाही, कोणाची उधारी राहिलीय, सगळं त्याच्या डोक्यात. कंपनीकडे काय उरतं? एक ड्रोन आणि त्याचे हप्ते.

आता एक प्रकरण कल्पनेने उभं करतो. कल्पनेतलं आहे, अशक्य मुळीच नाही. मराठवाड्यात रेशीम शेती वाढलीय, आपल्या जिल्ह्यातही तुतीचे प्लॉट आहेत. नोव्हेंबरात तूर फुलोऱ्यात असते, डोक्याइतकी वाढलेली. आत शिरून पाठीवरच्या पंपाने फवारणं जिकिरीचं, म्हणून शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी ड्रोन बोलावला जातो. शेजारी तुती. वारा फिरला. तीन दिवसांनी त्या पाल्यावरच्या अळ्या रॅकवर मरायला लागल्या. रेशीमवाला शेतकरी ठाण्यात जातो, पंचायत बसते, भरपाई मागितली जाते. कंपनीचं म्हणणं, आमचा ड्रोन त्या बाजूला गेलाच नाही. बरं, मग दाखवा. किती वाजता उडाला, वारा किती आणि कुठून होता, कोणत्या ओळीपासून फवारणी सुरू झाली, औषध कोणतं, शेजाऱ्याला आदल्या दिवशी कळवलं होतं का? वहीत लिहिलेलं असतं: ‘तूर, ४ एकर, बाकी ६००.’ या ओळीवर विमा कंपनी तरी विश्वास ठेवील का? आणि चूक खरोखरच आपली नसली, तरी ते सिद्ध करायला आपल्याकडे काय आहे?

सरकारी पोर्टल आहे की, असं म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देतो, कारण मुद्दाच थोडका आहे. ड्रोनच्या परवानग्यांचं ‘डिजिटल स्काय’ पोर्टल २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालं. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, ८० टक्के आणि जास्तीत जास्त आठ लाख रुपये साहाय्य, एकूण १,२६१ कोटींची तरतूद. तिच्या देखरेखीसाठीही पोर्टल ठरवलेलं आहे. ही पोर्टलं सरकारला तुमच्याबद्दल काय कळायला हवं त्यासाठी आहेत. उद्या सकाळी पालमच्या दीदीने कोणत्या वाडीत आधी जायचं, तिच्या बॅटरीच्या किती चार्जिंग झाल्या, गेल्या वर्षी याच शेतात काय अडचण आली होती, हे पोर्टल तिला सांगत नाही. जबाब द्यायची जागा वेगळी आणि काम करायची जागा वेगळी. दोन्ही एकच समजणारा माणूस आयकर विवरण भरून आपलं दुकान चालतंय असंही म्हणेल.

आता हुकमाचा एक्का. यावर जरा थांबायला हवं, कारण उत्तर देता येत नाही असा मुद्दा तो एकच आहे असं विरोधकांना मनापासून वाटतं.

इंडिगोचं काय झालं? वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचं वेळापत्रक कोसळलं, ५ तारखेला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. जानेवारी २०२६ मध्ये महासंचालनालयाने २२ कोटी २० लाखांचा दंड ठोठावला. चौकशीत निघालेली कारणं वाचावीत: अतोनात ताणलेलं नियोजन, नव्या नियमांची अपुरी तयारी, सॉफ्टवेअरच्या आधारातल्या उणिवा, व्यवस्थापन आणि नियंत्रणातले दोष. सॉफ्टवेअर नको होतं, असं यात कुठे आहे? आहे ते उलटंच: सॉफ्टवेअर कमी पडलं, आणि माणसांनी त्याच्याकडून शेवटचा थेंब पिळून घ्यायचं ठरवलं होतं. ब्रेक निकामी होऊन एखादी एसटी घाटात गेली म्हणून गावाने बिनब्रेकची जीप घ्यावी, तसा हा युक्तिवाद आहे.

एअर इंडियाचं उदाहरण तर हशा करणाऱ्यांनी स्वतःच दिलंय, तेव्हा तेही पुरं ऐकावं. २० जून २०२५ च्या आदेशात महासंचालनालयाने त्या कंपनीच्या कर्मचारी-नियोजनातल्या तीन अधिकाऱ्यांना त्या कामावरून दूर करायला सांगितलं. परवाना, विश्रांती आणि अलीकडच्या उड्डाणांचा अनुभव यांच्या अटी पुऱ्या नसताना वैमानिक उड्डाणावर पाठवले गेले होते. आणि हे उघड कधी झालं? कंपनी ‘आर्म्स’ नावाचं जुनं सॉफ्टवेअर सोडून ‘सीएई’च्या नव्या प्रणालीवर गेली, त्यानंतरच्या तपासणीत. जुन्या व्यवस्थेत जे चाललं ते बदलाच्या वेळी दिसलं. आदेशात बोट दाखवलंय ते माणसांकडे आणि देखरेखीकडे. सॉफ्टवेअर ‘नाही’ म्हणतं की ‘ठीक आहे’ म्हणून पुढे जाऊ देतं, आणि त्याचं ‘नाही’ डावलायचा अधिकार कुणाच्या हातात असतो, निवडताना हाच प्रश्न सगळ्यांत मोठा. आपल्याकडे त्याचं रूप साधं आहे. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याचं नाव उद्याच्या कामावर घालता येतं का? ज्या ड्रोनचा विमा संपलाय तो यादीत दिसतो का? येत असेल, दिसत असेल, तर ते सॉफ्टवेअर म्हणजे रंगीत वही. घेऊ नका.

अमेरिकेतली दोन उदाहरणंही इथे कामाची आहेत, कारण त्यांतून विक्रेत्याला काय विचारायचं ते कळतं. २००४ च्या नाताळात कॉमएअर या कंपनीची अकराशे उड्डाणं रद्द झाली. वादळामुळे वेळापत्रकात इतके बदल करावे लागले, की त्यांच्या कर्मचारी-नियोजनाच्या प्रणालीची महिन्याला साधारण ३२ हजार बदलांची मर्यादा ओलांडली गेली आणि ती बंद पडली. अशी मर्यादा आहे, हे ऐन गर्दीच्या दिवशी कळलं. डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्टची जवळजवळ सतरा हजार उड्डाणं रद्द झाली. थंडीची लाट आली, बदल इतके झाले की कोणता कर्मचारी कुठे आहे हे जुळवता येईना, आणि वैमानिक तासन्‌तास फोन धरून बसले. कंपनीला पुढे १४ कोटी डॉलरचा दंड झाला. वर्णन ओळखीचं वाटतंय ना? फोन धरून बसलेली माणसं, कोण कुठे आहे याचा पत्ता नाही, आणि आभाळ भरून आलेलं. अब्जावधी डॉलरची कंपनी त्या दिवसांत आपल्या ऑगस्टमधल्या ग्रुपच्या पातळीवर आली होती, इतकंच. तिथे ती आपत्ती ठरली. आपण तिला पद्धत म्हणतो.

इथे हशा करणाऱ्यांतला एखादा हुशार कूस बदलतो. ‘ठीक आहे, मग घेऊ की मोठं, नावाजलेलं!’ हीसुद्धा त्याच आजाराची दुसरी बाजू. तिरुवनंतपुरमची आयबीएस जगभरातल्या विमान कंपन्यांना सॉफ्टवेअर देते, परदेशी कंपन्याही ढीगभर आहेत. ती सॉफ्टवेअर उत्तम असतील, पण शेकडो विमानांसाठी लिहिलेली आहेत. तीन ड्रोनच्या कंपनीला त्यातल्या बहुतेक खिडक्या कधी उघडाव्याच लागणार नाहीत, आणि ज्या लागतील त्या, म्हणजे गट नंबर, औषध, टाकी, एकरी दर, त्यात नसतील. मग असं काय शोधायचं? जिंतूरच्या डोंगराळ भागात, येलदरीच्या अंगाला मोबाइलची रेंज गेली तरी शेतात नोंद होईल आणि रेंज आली की आपोआप वर जाईल असं. मराठीत, आणि तीही गुगलने अनुवादलेली मराठी नव्हे, असं. एकदा केलेली नोंद मागाहून कुणी बदलली तर बदलणाऱ्याचं नाव राहील असं. सगळी माहिती साध्या फाइलमध्ये कधीही बाहेर काढता येईल असं, म्हणजे उद्या विक्रेत्याने दुकान बंद केलं किंवा दर दुप्पट केला तरी आपली शेतं आपल्याकडे राहतील. आणि पैसे हंगामावर घेणारं. आपला ड्रोन वर्षातले कितीतरी महिने नुसता शेडमध्ये असतो, त्या महिन्यांचं भाडं कशाला?

पैशाचं म्हणाल तर समजा एक ड्रोन दिवसाला पंधरा एकर करतो आणि एकरी चारशे रुपये मिळतात. म्हणजे एक दिवस सहा हजारांचा. उघडिपीचा एक दिवस गोंधळात गेला, एक ड्रोन रिकामा फिरून आला, की तेवढे गेले. हंगामात असे दिवस किती जातात ते कुणी मोजत नाही, कारण मोजायला नोंद नाही. आणि नोंद नाही म्हणून नुकसानही नाही, असा हा गोड हिशोब.

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकावर मुळीच जाऊ नये. हॉटेलच्या हॉलमध्ये, पडद्यावर, वातानुकूलित हवेत सगळी सॉफ्टवेअर चालतात. गेल्या ऑगस्टमधला आपला सगळ्यांत वाईट दिवस त्याच्यासमोर ठेवावा: इतके शेतकरी, इतके पायलट, एक बॅटरी निकामी, दुपारी पाऊस. मग म्हणावं, आता हा दिवस यात बसवून दाखव. त्याला घाम फुटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

आणि निवड करताना खोलीत कोण असावं? आज असतात ते अध्यक्ष, सचिव आणि विक्रेता, कधीकधी अध्यक्षांचा इंजिनीअर जावई. ज्याला उन्हात ते वापरायचंय तो पायलट नसतो, टाकी भरणारा नसतो, उधारी वसूल करणारी बाई नसते. मग सॉफ्टवेअर येतं, दोन महिने कुणी उघडत नाही आणि ‘बघा, सांगितलं होतं ना, आपल्याला कशाला हवं’ हे पुन्हा सिद्ध होतं. चुकीच्या माणसांनी निवडायचं आणि दोष वस्तूला द्यायचा, ही चलाखी आता पुरे.

ड्रोन उडवणारी प्रत्येक कंपनी, प्रत्येक गट विमानाचा धंदा करतोय. प्रत्येक उड्डाणाला एक पायलट, एक यंत्र, एक औषध, एक शेत आणि एक जबाबदार माणूस असतो. या पाचांची सांगड ज्याला आदल्या रात्री घालता येत नाही आणि सहा महिन्यांनंतर दाखवता येत नाही, त्याने तो धंदा करू नये. वहीवर जमत असेल तर वहीवर दाखवावं. माझ्या मते ते जमत नाही, आणि ऑगस्टमधल्या ग्रुपवर असलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

पेरणी जूनमध्ये होते. तेव्हा सॉफ्टवेअरची बैठक एप्रिलमध्ये घ्या, पायलटला आणि टाकी भरणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवा, आणि विक्रेत्याला बोलू देण्याआधी त्यांना बोलू द्या.